अक्कांच्या खिशातले तीळ

“एकवीस,” मी म्हटलं आणि सेफ्टी पिनेच्या टोकावर आलेला तीळ कागदी रुमालावर झटकला.

“मोजतेस कशाला?” अक्का म्हणाल्या.

“ती विचारेल म्हणून.”

“विचारू दे. छत्तीस वर्षं मी वर्गात पोरांचे खिसे तपासले. आता माझे तपासणारी भेटली.”

‘ती’ म्हणजे इन्ग्रिड. नॉर्वेची, चाळिशीची, ताडासारखी उंच बाई. आमच्या जहाजावर ज्या मार्गदर्शक होत्या त्यांतली ही सगळ्यांत कडक. त्या वेळी ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला एका जपानी गृहस्थाच्या बुटांच्या खाचा टॉर्च लावून बघत होती. सगळा हॉल धोबीघाट झाला होता. शंभरेक प्रवासी आपापली जॅकेटं उलटी करून बसले होते, कुणी खिशात व्हॅक्यूम क्लीनरची नळी घालत होतं, कुणी ब्रशनं पिशवीची शिवण झाडत होतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधी हे सगळं करायचं असा तिथला दंडक. बाहेरच्या जगातलं एक बी, गवताची एक काडीसुद्धा त्या बर्फावर जाता कामा नये.

आणि आमच्या अक्कांच्या जॅकेटच्या आतल्या खिशातून निघाले होते सात तिळाचे लाडू. रुमालात गाठ मारून ठेवलेले. त्यातला एक चुरगाळला होता, कारण वाटेतल्या त्या कुप्रसिद्ध खवळलेल्या समुद्रात अक्का दोन दिवस तेच जॅकेट घालून बिछान्यावर पडून होत्या. तीळ अस्तरात गेले होते, शिवणीत गेले होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वेल्क्रोच्या पट्टीत जाऊन बसले होते. तिथून ते व्हॅक्यूमलाही दाद देईनात. शेवटी मी माझ्या मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली.

“भाजलेला तीळ उगवत नाही,” अक्कांनी इन्ग्रिडला आपल्या शाळेतल्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं होतं. “चौथीतल्या पोराला विचारा.”

इन्ग्रिड शांतपणे म्हणाली होती, “मॅडम, तीळ कच्चा की भाजलेला, हे आमचा नियम विचारत नाही.” तिनं उरलेले लाडू एका पारदर्शक पिशवीत घातले, त्यावर आमच्या खोलीचा नंबर लिहिला आणि संध्याकाळी जहाजावर खा म्हणाली. “पण हे जॅकेट साफ होईपर्यंत तुम्ही होडीत बसणार नाही.”

आमच्या होडीला अजून पाऊण तास होता. हे, अक्कांचे धाकटे भाऊ, केव्हाचे तयार होऊन वर डेकवर उभे होते, गळ्यात दुर्बीण, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. परत एकदा तो बर्फ बघायचा हे निवृत्त झाल्या दिवसापासून त्यांच्या मनात होतं. पाच वर्षांनी, दोन हजार नऊच्या जानेवारीत, तो योग आला होता.

“बावीस,” मी म्हटलं. “अक्का, लाडू डब्यात होते ना? खिशात कशाला घातलेत?”

“आज संक्रांत आहे.”

“ते मलाही माहीत आहे. संध्याकाळी तिघांनी मिळून खाल्ले असते.”

अक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर पाणी काळंशार होतं आणि त्यातून एकदम उभे राहिलेले पांढरे डोंगर. त्यांची उंची कळत नव्हती, कारण शेजारी झाड नाही, घर नाही, काही नाही.

“तिथं बर्फावर द्यायचा होता दिगूला,” त्या म्हणाल्या. “हातावर लाडू ठेवायचा आणि सांगायचं.”

“काय सांगायचं?”

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. माझ्या हातातली पिन थांबली.

“अक्का, नाही.”

“सांगणार, कुंदा. आज सांगणार. नाहीतर मी कशाला आले असते इतक्या लांब, ओकत ओकत?”

गोव्याच्या पलीकडे कधी न गेलेल्या, सत्तरी गाठलेल्या माझ्या नणंदेनं ‘मलाही यायचंय’ असा हट्ट का धरला होता, ते मला त्या क्षणी कळलं.

हे सगळं नीट समजायला वीस वर्षं मागं जायला हवं.

आमचे हे हवामान खात्यात होते, पुण्याला. अठ्ठ्याऐंशी सालच्या शेवटी ते सरकारी मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेले. नुसते गेले नाहीत, तिथल्या तळावर हिवाळाभर राहिले. सव्वा वर्षाची नेमणूक. एकदा जहाज परत फिरलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणी येत नाही, कुणी जात नाही. पत्र नाही. महिन्यातून एकदा तिकडून फोन यायचा, उपग्रहावरून, बरोबर तीन मिनिटं. आपण बोललेलं तिकडे पोचायला क्षणभर वेळ लागायचा, त्यामुळे दोघं एकदम बोलायचे आणि दोघं एकदम गप्प व्हायचे.

त्या तीन मिनिटांतली दोन आमच्या सासूबाईंची. त्यांना ऐकू फार कमी यायचं. हे तिकडून बर्फ फुटेल असं ओरडायचे, आणि आई इकडून रिसीव्हर कानाला दाबून, दुसरा हात पंख्यासारखा कानामागं धरून, “काय? काय म्हणालास? मोठ्यानं बोल, घशात बोलू नकोस!” शर्वरी, आमची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची होती. ती हसून लोळायची.

एकोणनव्वदच्या कार्तिकात आईंना निमोनिया झाला. पाच दिवस. चौथ्या दिवशी त्यांनी अक्कांना आणि मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “दिगूला कळवू नका. तो काही येऊ शकत नाही. तिथं त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणी नाही. इथं आला की सांगा.”

कार्तिक वद्य नवमीला त्या गेल्या. अग्नी अक्कांनीच दिला.

डिसेंबरच्या फोनला मी सांगितलं, आई कीर्तनाला गेल्यात. एवढं खोटं मला जमलं. जानेवारीचा फोन नेमका संक्रांतीला आला. हे म्हणाले, “कुंदा, आईला दे. आज तिच्याशी बोलल्याशिवाय फोन ठेवणार नाही.” मी गार पडले. हातातला रिसीव्हर तसाच. मी काही बोलायच्या आत अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला. त्यांचा आवाज अगदी आईंचा होता; दारातून हाक मारली की दोघींतली कोण, हे आम्हाला कळायचं नाही.

“दिगू, तिळगूळ घे, गोड बोल रे बाबा,” अक्का म्हणाल्या.

ते काय बोलत होते मला ऐकू येत नव्हतं. पण अक्का बोलत होत्या, हसत होत्या. मध्येच दाढीवरून काहीतरी गंमत झाली. तीन मिनिटं इतकी सुरळीत कधीच गेली नव्हती. फोन ठेवला आणि अक्का तिथंच जमिनीवर बसल्या.

पुढं एका खोट्याला दुसरं लागलं. आई संक्रांतीला बोलल्या, म्हणजे त्यानंतरच जायला हव्या होत्या. आम्ही दोघी पंचांग घेऊन बसलो. माणसाच्या मरणाचा दिवस ठरवायला बसलेल्या दोन बायका! माघातली शुद्ध एकादशी मी सुचवली, तर अक्का म्हणाल्या, “एकादशी नको. फारच पुण्यवान वाटेल, कुणी विश्वास ठेवणार नाही.” तेवढ्यातही आम्हाला हसू आलं. मग द्वादशी ठरली. शर्वरीला शपथ घातली, नातेवाइकांना हात जोडले.

हे आले. त्यांना सांगितलं. तेव्हापासून दर माघात शुद्ध द्वादशीला आमच्या घरी आईंचं श्राद्ध व्हायचं. हे सोवळं नेसून पाटावर बसायचे, गुरुजी सांगतील तसं तिळाचं पाणी सोडायचे, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. एकुलत्या एका मुलानं आईला चुकीच्या दिवशी पाणी द्यायचं, आणि ते आमच्यामुळे. खऱ्या नवमीला अक्का निर्जळी उपास धरायच्या. मी लाल भोपळ्याचे घारगे करायची, आईंना आवडायचे म्हणून. कुणाला काही न बोलता.

“वीस वर्षं झाली,” मी अक्कांना म्हटलं. “आता ह्या वयात त्यांना काय सांगायचं? तुझी आई तुझ्याशी बोललीच नव्हती, असं? तुम्हाला मोकळं वाटेल. मला त्यांच्याबरोबर घरी परत जायचंय.”

“तुला तुझ्या संसाराची पडलीय.”

“हो, पडलीय. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यांनी माझं सांगणं कधी पडताळून बघितलं नाही. पंचवीस तीळ झाले, हलू नका.”

“कुंदा, मी मेले तर हे माझ्याबरोबर जाईल.”

“जाऊ दे की!”

हे तोंडातून गेलं आणि माझंच मला कसंतरी झालं. अक्का रागावल्या नाहीत. जॅकेटची बाही माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “इथं एक राहिलाय बघ.”

त्रेचाळीस तीळ निघाले. इन्ग्रिडनं टॉर्च लावून पट्टी पाहिली, शिवण पाहिली, खिशात बोट फिरवून पाहिलं. मग रुमालाची पुडी करून आपल्या डबीत टाकली आणि अक्कांना म्हणाली, “आता तुम्ही शुद्ध आहात.”

“हे सांगायला नॉर्वेची बाई लागली,” अक्का मराठीत पुटपुटल्या.

रबरी होडी किनाऱ्याकडे निघाली. बर्फाचे लहान तुकडे होडीच्या तळाला कटकट लागत होते. ह्यांचा तळ त्या खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला, हजारो किलोमीटर लांब. प्रवाशांची जहाजं तिकडे जात नाहीत. तरी किनारा जवळ आला तसे हे होडीत अर्धे उभे राहिले आणि नावाड्यानं खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. नुकतं लग्न झालं तेव्हा सायकलवरून घरी यायचे तेव्हा असाच व्हायचा.

किनाऱ्यावर उतरलो आणि पहिला आला तो वास. हजारभर पेंग्विनांचा वास. अक्कांनी मफलर नाकाला लावला.

“ह्याच्यासाठी माझे लाडू काढून घेतले!” त्या म्हणाल्या. “इथं काही घाण करून ठेवायची शिल्लक तरी आहे का?”

हे मोठ्यानं हसले. दोन लाल झेंड्यांच्या मधून वाट आखून दिली होती. ते आमच्यापुढं चालू लागले, मऊ बर्फावर टाच आधी रोवत, आम्हाला दाखवत. “अशी टाच रोवायची. हां. पाय घसटू नका.” पासष्टाव्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून भाजी आणायला न जाणारा माणूस तिथं पोरासारखा चढत होता. मी बघतच राहिले. ह्यांच्या आयुष्यातलं जे सव्वा वर्ष मला कधी दिसलं नव्हतं, ते मला पाठमोरं दिसत होतं.

चढावर एक सपाट काळा खडक होता. तिथं तिघं बसलो. खाली खाडी, तीत आमचं जहाज खेळण्याएवढं. वारा पडला होता. लांब कुठंतरी बर्फाचा कडा कोसळला, गडगडाट झाला आणि मग इतकी शांतता, की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

“दिगू,” अक्का म्हणाल्या.

मी घाईनं म्हटलं, “अहो, तो बघा, तो पेंग्विन कसा दगड चोरतोय! शेजारच्याच्या घरट्यातला उचलला बघा—”

“कुंदा,” हे म्हणाले, “बोलू दे तिला.”

मी पेंग्विनाकडे दाखवलेला हात खाली घेतला.

“दिगू, मला तुला एक सांगायचंय,” अक्कांनी हातमोजे काढले, परत घातले. “आज संक्रांत. लाडू त्या बाईनं घेतले, नाहीतर... हे बघ, वीस वर्षांपूर्वी संक्रांतीला तू फोन केला होतास...”

पुढं त्यांचा आवाज गेला. ओठ हलत होते.

ह्यांनी सावकाश आपली लोकरी टोपी एका कानावरून वर सरकवली. हात पंख्यासारखा कानामागं धरला, अक्कांकडे वाकले आणि म्हणाले, “काय? काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, घशात बोलू नकोस.”

हुबेहूब. मान तिरपी करण्याची पद्धतसुद्धा.

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी अक्कांकडे. आधी मला वाटलं, ह्यांना गंमत सुचलीय. मग त्यांचे डोळे दिसले.

“त्या दिवशी फोनवर,” हे हात खाली घेत म्हणाले, “आईनं एकदाही ‘काय’ विचारलं नाही.”

ह्यांनी टोपी परत कानावर ओढून घेतली.

“पहिलं वाक्य तुझं इतकं बरोबर होतं अक्का, की मी फसलो. मग मी नेहमीसारखा ओरडलो, तर लगेच उत्तर. म्हटलं, ही काय जादू? म्हणून मुद्दाम हळू बोललो. अगदी हळू. म्हटलं, ‘आई, दाढी वाढलीय, ओळखणार नाहीस.’ आणि तू हसलीस. म्हणालीस, ‘आल्यावर काढून टाक, बैराग्यासारखा दिसशील.’ ”

“तेव्हाच...?” मी विचारलं.

“तेव्हाच. आई असती तर तीन मिनिटं दाढीतच संपली असती.” ते हसले, पण हसू मध्येच मोडलं. “आई फोनवर येत नाही आणि अक्का आई होऊन बोलते. आणखी काय कळायचं राहिलं?”

अक्कांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“आमच्याकडे अंघोळीची पाळी असायची,” हे खाली जहाजाकडे बघत सांगू लागले, जणू हवामानाची नोंद वाचून दाखवतायत. “पाणी कमी. आठवड्यातून एकदा. माझी पाळी शुक्रवारी, आणि तो रविवार. कुरियन म्हणून केरळचा एक इंजिनियर होता. त्याला म्हटलं, आज तुझी पाळी मला दे. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. का म्हणून विचारलं नाही. बादली दिली आणि पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.”

“आणि तीळ?” अक्का एकदम म्हणाल्या. शिक्षिकेच्या आवाजात नव्हे, लहान मुलीच्या. “पाणी सोडलंस का? तीळ कुठून आणलेस?”

“तूच पाठवले होतेस. डिसेंबरच्या जहाजातून डबा आला होता ना तुमचा, लाडवांचा? त्यातले दोन लाडू गरम पाण्यात टाकले. गूळ विरघळून गेला, तीळ राहिले. तेवढे पुरले.”

मला तो माणूस दिसला. बर्फात, एका खोपटात, वाटीत लाडू विरघळायची वाट बघत बसलेला. आणि इकडे पुण्यात आम्ही दोघी पंचांग चाळत होतो.

“मग माघात?” मी विचारलं. “दर वर्षी माघात पाटावर बसलात ते?”

“तुम्ही दोघींनी एवढी द्वादशी ठरवली होतीत. मोडायची कशी?”

“तुम्हाला राग नाही आला?”

“आला की. जहाज परत येताना महिनाभर रोज आला. ठरवलं होतं, धक्क्यावर उतरलो की पहिलं हेच विचारायचं. तर गोव्याला तुम्ही दोघी उभ्या. तू इतकी वाळलेली कुंदा, की आधी ओळखलंच नाही. आणि अक्का आपली माझ्या तोंडाकडे बघायला तयार नाही. मग म्हटलं, जाऊ दे. आधी ह्यांना घरी नेऊ.” जरा थांबून ते म्हणाले, “आणि कॉलनीत गुपित राहतं होय? आठ दिवसांत चार जणांनी कार्तिकातलं सगळं सांगितलं मला. मीच प्रत्येकाला बजावलं, आमच्या घरात बोलू नका.”

अक्कांनी तोंडावरचे हात काढले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र लालबुंद.

“वीस वर्षं!” त्यांनी हातमोजा काढून ह्यांच्या पाठीत हाणला. “मेल्या! वीस वर्षं मी नवमीला निर्जळी करतेय! मधुमेह झाला तरी सोडली नाही! आणि तुला ठाऊक होतं?”

“तू मला कुठं सांगितलंस उपास आहे म्हणून?” हे हात आडवे करत म्हणाले. “मी तर दर नवमीला घारगे खाल्ले.”

मी चमकून बघितलं.

“दोन,” ते मला म्हणाले. “तू ताटलीत तीन ठेवायचीस. मी दोन खायचो. तिसरा खिशात घालून कावळ्याला, आधी ऑफिसच्या आवारात, निवृत्त झाल्यावर बागेत. आज घारगे कशासाठी, असं कधी विचारलं का तुला?”

नव्हतं विचारलं. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. आणि मला वाटत आलं होतं, ह्यांचं घरात लक्षच नसतं.

तेवढ्यात एक पेंग्विन झेंडा ओलांडून डुलत डुलत सरळ आमच्याकडे आला आणि अक्कांच्या बुटांसमोर उभा राहिला. पेंग्विनापासून पाच मीटर लांब राहायचं असा नियम होता. अक्का खडकावर मागं मागं सरकल्या, नाक ओढत म्हणाल्या, “आता हा नियम मोडतोय. ह्याला सांगा कुणीतरी.” आणि आम्ही तिघं जे हसत सुटलो, ते खालून इन्ग्रिड धावत वर आली. तिला वाटलं, कुणाला काही झालं.

“सगळं ठीक आहे ना?” तिनं विचारलं.

“भाजलेला तीळ उगवत नाही,” अक्का तिला डोळे पुसत म्हणाल्या. “मी सांगितलं होतं की नाही?”

त्या संध्याकाळी इन्ग्रिडनं पिशवी परत आणून दिली. अक्कांनी आधी ह्यांच्या हातावर लाडू ठेवला, मग माझ्या, मग तिच्या. ह्यांनी तिला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’चा अर्थ समजावून सांगितला. तिनं लाडू फोडला, आणि सवयीनं खाली सांडलेले तीळ बोटानं टिपून घेतले.

परत आल्यावर माघातलं श्राद्ध बंद झालं. कार्तिकात वद्य नवमीला हे पाटावर बसले आणि अक्कांनी वीस वर्षांनी त्या दिवशी पोटभर जेवून चार घारगे खाल्ले. साखर वाढली, दोन दिवस दवाखान्यात राहिल्या. “आईनं वसूल केलं,” म्हणाल्या.

त्यानंतर चार वर्षांनी, जूनमध्ये, सकाळी दाढी करता करता हे खाली बसले ते उठले नाहीत. घर माणसांनी भरलं. शर्वरी तेव्हा मेलबर्नला होती, आठवा महिना चालू होता तिला. माझा भाऊ अरविंद माझ्याशेजारी बसून हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, पोरीला आत्ता कळवायला नको. येणं तर तिला शक्यच नाही. दवाखान्यात ठेवलंय म्हणू. सुखरूप बाळंत होऊ दे, मग सांगू.” बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. सगळे शहाणे, सगळे मायेचे.

अक्का माझ्या दुसऱ्या बाजूला होत्या. त्यांना तेव्हा जवळजवळ ऐकूच येईनासं झालं होतं. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

मी टेबलावरचा फोन ओढला.

“ताई!” अरविंद म्हणाला.

पलीकडे घंटा वाजली, दोनदा, तीनदा. मग, “बोल आई.”

मी बोलले. एकदाच, सावकाश, जे घडलं ते जसंच्या तसं.

पलीकडून आलं ते रडू. अक्कांनी माझा दंड घट्ट धरला. दुसरा हात पंख्यासारखा कानामागं गेला.

“काय? काय म्हणाली? तिच्याजवळ आहे का कुणी?”

मी फोनवर विचारलं. मग अक्कांच्या कानाशी वाकले आणि सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, “आहे, अक्का. पाठीवर हात आहे.”